अमान्यमधला अ

५ जानेवारी

धाकट्या,

तुझं पार्सल पोचलं. मंडळाच्या सचिवांनी ती डबी माझ्या टीव्हीला जोडून दिली आणि बोलणाऱ्यांच्या खाली ओळी उमटायला लागल्या. पाच वर्षांनी टीव्हीवरची माणसं काय म्हणतात ते कळलं. फारसं काही म्हणत नाहीत हेही कळलं. तरी तुझे उपकार.

आता तक्रार. पाकिटावर तू 'श्रीमती' लिहिलंस. मी सौ. आहे. एकतीस वर्षं छापखान्यात बसून जगाच्या चुका लाल केल्या, निदान घरच्या माणसाने माझ्या नावाआधी चूक करू नये. तुझे भावजी चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणून गेले त्याला येत्या मार्चात एकोणीस वर्षं होतील. पण गेले म्हणजे वारले नव्हेत. पुढच्या वेळी नीट लिही.

मला नवीन काम लागलंय, हसू नकोस. छापखाना बंद पडला तेव्हा मंडळाने सभागृहामागची ही खोली दिली आणि बदल्यात मी त्यांच्या मासिकाची प्रुफं बघते, हे तुला ठाऊक आहेच. संसार मोडू नयेत म्हणून सध्या मंडळाने दोन आघाड्या उघडल्यात. एक, विवाह कायद्यात गेल्या वर्षी घुसवलेलं कलम नऊ. जोडीदार सात वर्षांहून जास्त सोडून गेला असेल तर मागे राहिलेल्याला एकट्याच्या अर्जावर लग्नातून मोकळं होता येतं, असं ते कलम. ते काढून टाकावं म्हणून सह्या गोळा करतायत. दुसरी आघाडी म्हणजे साडेसातची ती शिंपिणीची मालिका. नवरा टाकून गेलेली बाई दुकान चालवते आणि पुढेमागे त्याच कलमाखाली अर्ज करणार अशी कुणकुण आहे. तर रोज ती मालिका बघायची आणि वहीत उतरवायचं: भाग कितवा, वेळ काय, कोण काय म्हणालं, त्यात आक्षेपार्ह काय.

आधी हे काम तीन बायकांकडे होतं. त्या रडायच्या आणि लिहायचं राहून जायचं. सचिव म्हणाले, काकूंना संगीत ऐकू येत नाही, त्या रडणार नाहीत. म्हणाले म्हणजे चिठ्ठीवर लिहून दाखवलं. खरं आहे, मी रडत नाही. नुसती दमते.

मोबाइलवर लिही असं पुन्हा सांगू नकोस. तो मेला ऱ्हस्व-दीर्घ आपल्या मनाने बदलतो.

ताई


१४ जानेवारी

सौ. ताईसाहेब,

पाकीट बघितलंस ना? 'सौ.' एवढं ठसठशीत काढलंय की पोस्टमनने वाट सोडून सलाम ठोकला असेल.

तू आमच्या मालिकेवर पहारा ठेवतेस हे वाचून आधी हसलो आणि मग पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आमच्या वाहिनीकडे तुमच्या मंडळाची पत्रं पोत्याने येतात. मंगळवारी अकराशे आली. सगळ्यांचा मजकूर एकच, आणि सगळ्यांत 'कुटूंब' दीर्घ. म्हटलं ही पत्रं काही ताईच्या हाताखालून गेलेली नाहीत. आमचे साहेब पत्रं वाचत नाहीत, पोती मोजतात. तीन पोत्यांपर्यंत ते निवांत असतात. पाचव्या पोत्याला लेखकाला बोलावून घेतात. परवा सहावं आलं.

मी काय काम करतो हे दर पत्रात विचारतेस. एका काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसतो आणि टाइप करतो. सांगण्यासारखं काही नाही. पाठ दुखते. मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरी आम्ही दोघंच, संध्याकाळी एकमेकांना विचारतो की आज काय झालं आणि दोघंही म्हणतो काही नाही.

एक विचारतो, चिडू नकोस. ते कलम नऊ तू सह्यांच्या कागदावर वाचलंस. कधी स्वतःसाठी वाचलंस का? सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण ठेवलंय, त्यात अर्ज कसा करायचा ते दिलंय. तुमची सगळी मंडळी एप्रिलमध्ये सह्यांचे गठ्ठे घेऊन कायदेमंडळात जाणार आणि सरकारचे पाय आत्ताच लटपटतायत. कलम उडालं तर उडालं. त्याआधी दाखल झालेले अर्ज मात्र चालतील, असं त्यात लिहिलंय.

तुझ्या वहिनीने विचारलंय की खोलीत ओल येते का अजून.

धाकटा


२२ जानेवारी

धाकट्या,

कात्रण परत पाठवतेय. चौदा चुका होत्या, लाल केल्यात. 'अर्जदार' एका जागी 'अर्जादार' झालाय. अशा लोकांच्या सांगण्यावरून मी माझं लग्न मोडायचं का?

तू समजतोस मला मंडळाने भुलवलंय. तसं नाही. सचिवांच्या आईला त्यांच्या वडिलांनी दोन ओळींच्या कागदावर घराबाहेर काढलं होतं, हे सचिव सहा वर्षांचे असताना. त्यांना वाटतं की कायद्याने लग्न सैल केलं की पहिली बाहेर पडते ती बाई. हा माणूस ओरडत नाही, दुसऱ्यांच्या घरात डोकावत नाही, सकाळी स्वतः सभागृह झाडतो. मंडळाचे प्रवचनकार मात्र बोलायला लागले की मी ऐकू येत नाही याबद्दल देवाचे आभार मानते.

आणि माझं लग्न मोडलेलं नाही. थांबलेलं आहे. माणूस आजारी असेल, कुठे अडकला असेल, लाजेने येत नसेल. मी त्यांच्या नावाची दारावरची पाटी काढली नाही, या खोलीवरही आणून लावली, ती काही विसरभोळेपणाने नाही. शिवाय तुझ्या कात्रणातच लिहिलंय की गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर नोटीस पाठवावी लागते. कुठे पाठवू? चष्म्याच्या दुकानात?

वहीचं काम चालू आहे. काल भाग एक्केचाळीस. शिंपीण न्यायाधीशांपुढे उभी राहिली. एवढे दिवस मान खाली घालून मशीन चालवणारी बाई, तिने मान वर केली आणि खाली ओळ आली: 'मला हे लग्न अमान्य आहे.' बस्स, तेवढंच. मग जाहिरात.

मी ओळ उतरवली. वेळ सात चौपन्न. 'आक्षेपार्ह काय' हा रकाना बराच वेळ रिकामा राहिला, हे कोणाला सांगू नकोस. शेवटी लिहिलं: 'विवाहसंस्थेचा उघड अव्हेर.' सचिवांनी वही वाचली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा उजळला. असं स्पष्ट वाक्य त्यांना हवंच होतं. नियामकांकडे स्वतंत्र तक्रार जाणार आहे आणि साक्षीदार म्हणून माझी सही.

ओल येते. पण कपाट सरकवलंय, दिसत नाही.

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

आज थट्टा नाही. तुझी तक्रार आमच्या साहेबांच्या टेबलावर आहे. त्यावर तुझी सही आहे, 'य'चा पाय लांब ओढलेली, मी ती चौथीच्या प्रगतिपुस्तकापासून ओळखतो.

शिंपीण तसं म्हणाली नाही.

मूळ संवाद तसा होता, चित्रीकरणही तसंच झालं. पण सातवं पोतं आलं आणि साहेबांनी ऐनवेळी नटीला बोलावून डबिंग बदलून घेतलं. पडद्यावर ती जे बोलते ते असं आहे: 'मला हे लग्न मान्य आहे.' आता महिनाअखेरीस नवरा परत येणार, रडारड होणार, सगळे खूश. एक अक्षर काढलं आणि मालिका वाचवली, असं साहेब चहा पिताना म्हणाले.

खालच्या ओळी मी लिहितो. तू विचारायचीस ते माझं काम हे. ऐकू न येणाऱ्यांसाठी. तुझे कान गेले त्या वर्षी मी मुद्दाम या विभागात बदली मागितली आणि तुला सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस की ओळींत फार चुका असतात.

त्या दुपारी मला आठ ओळी बदलायला दिल्या. सात बदलल्या. आठवी राहिली. विसरलो असं लिहून दिलंय. आता तूच सांग, सात ओळी बदलणारा माणूस आठवी विसरतो का? बोट त्या 'अ'वर होतं आणि मला तुझ्या दारावरची पाटी दिसली. मी हात काढून घेतला. एवढंच केलं. साऱ्या देशात कोणी बोंब मारली नाही, कारण ज्यांना ऐकू येतं ते ओळी वाचत नाहीत. ज्यांनी वाचली त्यातल्या एकीनेच तक्रार केली, आणि ती तू निघालीस!

ओळींची फाइल अजून कोणी उघडलेली नाही. तक्रार उभी राहिली तर उघडावी लागेल. पंधरा तारखेला बोलावलंय. नोकरीला सात वर्षं उरली आहेत आणि या वयात मला दुसरीकडे कोण घेणार. तक्रार मागे घे असं मी म्हणत नाही. तू जे वाचलंस ते खरंच तिथे होतं. आयुष्यभर तू तेवढंच केलंस आणि त्याची शिक्षा तुला व्हावी असं मला वाटत नाही.

मी खूप दमलोय, ताई.

धाकटा


२० फेब्रुवारी

धाकट्या,

दोन आठवडे उत्तर दिलं नाही कारण हातात आलेलं पेन भिंतीवर फेकावंसं वाटत होतं. सांगितलं असतंस तर बिघडलं असतं का? पाच वर्षं तू माझ्यासाठी ओळी लिहितोस आणि मला वाटतं कोणी यंत्र लिहितंय! चुका असतात, त्या असतातच. 'कि' आणि 'की' यांत तू अजून गोंधळ घालतोस. पण माझ्यासाठी लिहितोस हे कळलं असतं तर मी जरा सावकाश वाचल्या असत्या.

आता काय झालं ते सांगते. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सभागृहात बैठक झाली. कोणीतरी म्हणालं, शिंपीण असं बोललीच नाही. मोठ्या टीव्हीवर भाग पुन्हा लावला. त्या टीव्हीला डबी नाही. चाळीस माणसं बघत होती आणि मी माणसांकडे बघत होते. सात चौपन्नला चाळीसच्या चाळीस जण माझ्याकडे वळले. प्रवचनकारांचे ओठ हलले, ते मला वाचता आले. 'म्हातारीला भास झाला.'

माझ्या खोलीतला टीव्ही उचलून आणा म्हणाले असते तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. भासही नव्हता आणि म्हातारपणही नव्हतं. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, माझी वाचायची चूक झाली.

एकतीस वर्षं, धाकट्या. एक वेलांटी माझ्या हातून सुटली नाही. मालक पैज लावायचे आणि हरायचे. आणि न केलेली चूक मी चाळीस माणसांपुढे माझ्या तोंडाने कबूल केली. त्या क्षणी तुझा मला इतका राग आला की तू समोर असतास तर कान उपटला असता, मग तुझं वय काही का असेना. तक्रार त्याच दिवशी मागे घेतली गेली. तुझ्यापर्यंत बातमी पोचली असेलच.

सचिवांनी वही काढून घेतली. रागावले नाहीत, उलट चिठ्ठीवर लिहिलं, 'काकू, डोळे तपासून घ्या, मी सोबत येतो.' ते जास्त लागलं. आता मला सह्यांची पत्रकं तपासायला बसवलंय. गावोगावाहून गठ्ठे येतात. वर छापलंय: 'कलम नऊ आम्हांस अमान्य आहे.' खाली रकाने: नाव, वय, विवाहित की अविवाहित, पूर्ण पत्ता, सही. पाचही भरले असतील तर बरोबरची खूण, नाहीतर बाजूला. शेंबडं पोरही करील असं काम आहे.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

मी वाचलो. तक्रार मागे घेतल्याचं पत्र आलं आणि साहेबांनी फाइल न उघडताच मिटवली. तरी संशय राहिलाच, म्हणून मला मालिकांवरून हलवून हवामानाच्या ओळींवर टाकलंय. कमाल तापमान, किमान तापमान. इथे 'अ' विसरायला कुठे जागाच नाही.

तू चाळीस माणसांपुढे उभी राहिलीस हे मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवायला गेलो आणि मला पुढे वाचता येईना. तिने पत्र हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. तुझे आभार कसे मानायचे मला कळत नाही आणि मानले तर तू त्यातही चुका काढशील. मला लाज वाटते, ताई. माझ्या नोकरीसाठी तू तुझी अब्रू दिलीस. खरं तर त्या ओळीने तुला काही सांगायचं होतं आणि घडलं भलतंच.

कलमाबद्दल पुन्हा लिहिणार नाही. तुला हवं तसं राहा. फक्त पत्र पाठवत जा.

धाकटा

ता. क. 'कि' आणि 'की' भिंतीवर चिकटवलंय.


१९ मार्च

धाकट्या,

तुझी तीन कार्डं आली. मी बरी आहे. लिहिण्यासारखं सुचत नव्हतं आणि आता सुचलंय ते लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सहा मार्चला दुपारी एक गठ्ठा सोडला. वरून नववं पत्रक. पत्रकावर दहा सह्या असतात. चौथी ओळ वाचली आणि पहिल्यांदा मला फक्त चूक दिसली. 'विवाहीत' असं दीर्घ लिहिलं होतं. सवयीने लाल पेन उचललं. मग अक्षर बघितलं. 'ह'ला शेपूट उलटं. आमच्या घरातल्या वाणसामानाच्या यादीत पंधरा वर्षं मी ते शेपूट पाहिलंय.

नाव त्यांचंच. वय बरोबर. पत्ता पूर्ण. गल्लीचा क्रमांक, मजला, जिन्याची बाजूसुद्धा. इथून बसने तीन तास, धाकट्या. मी कुठे कुठे त्यांना कल्पनेत ठेवलं होतं! इस्पितळात, परदेशात, एकदा तर तुरुंगात. आणि ते तीन तासांवर, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे.

पाचव्या ओळीत बाईचं अक्षर. नावाआधी 'सौ.' आणि आडनाव माझं. सहाव्या ओळीत मुलगी. अविवाहित. वय वीस.

मी वजाबाकी केली. दोनदा केली. ते गेले त्याला सहा तारखेला एकोणीस वर्षं पुरी झाली. मुलगी वीस वर्षांची. म्हणजे चष्म्याची काडी मोडण्याच्या आधीपासून ते घर होतं. मी कशाची वाट बघत होते? मी बाजारातून येताना चष्म्याच्या दुकानावरून जायचे आणि आत बघायचे. वर्षानुवर्षं बघायचे. दुकानदार बदलला तरी बघत होते.

आणि वर छापलेलं तेच: कलम नऊ आम्हांस अमान्य आहे. सोडून गेलेल्या माणसापासून बायकोला मोकळीक मिळता कामा नये, यावर त्यांनी सहकुटुंब सही केली. बहुधा दारावर कोणी आलं असेल आणि वाचलंही नसेल. ते कधीच नीट वाचत नसत.

तुला वाटेल मी पत्रक फाडलं. नाही. पाचही रकाने भरलेले होते. बरोबरची खूण केली आणि गठ्ठ्यात ठेवलं. त्याआधी पत्ता उतरवून घेतला. मग खोलीत येऊन झोपले ते दोन दिवस उठले नाही. शेजारणीने दार ठोठावलं असेल, मला कुठलं ऐकू येणार.

रडले. तुला सांगते, कारण सचिवांना वाटतं मी रडत नाही.

आता माझ्याकडे नोटिशीचा पत्ता आहे. पुढे काय करायचं ते अजून ठरत नाही. या वयात मोकळं होऊन मी काय करणार, असं सकाळी वाटतं. दुपारी जेवताना पाटीकडे लक्ष जातं आणि ताट बाजूला सारते. मंडळाच्या खोलीत राहून मंडळाविरुद्ध अर्ज करता येत नाही, हेही आहेच. पाच एप्रिलला सह्या जाणार.

ताई


२३ मार्च

ताई,

पत्र वाचून मी तुझ्या वहिनीला म्हणालो की आत्ता बसने जातो, जिन्याच्या डावीकडचं दार वाजवतो आणि त्या माणसाच्या नाकावरचा चष्मा मोडून येतो. ती म्हणाली, आधी खोली रिकामी करा.

तर स्वयंपाकघरालगतची खोली रिकामी केली आहे. मुलीच्या वह्या माळ्यावर टाकल्या. खिडकी पूर्वेची आहे, ओल नाही, टेबलाला दिवा आहे. डबीची तार ओढून घेतली. तू यावंस म्हणून अर्ज कर असं नाही. अर्ज कर किंवा करू नकोस, खोली आहे.

मी सांगणार नव्हतो, पण सांगतो. मलाही एकोणीस वर्षं त्या माणसाची वाट बघायचा कंटाळा आलाय. घरी कोणीही आलं की तू दाराकडे बघायचीस आणि आम्ही तुझ्याकडे.

धाकटा


२ एप्रिल

धाकट्या,

सोमवारी सकाळी आधी सचिवांकडे गेले. चोरून काही करायचं नव्हतं. म्हटलं, मंडळाच्या पत्रकावरून एक पत्ता मी माझ्या कामासाठी उतरवून घेतलाय, आज नोंदणी कार्यालयात जाणार आहे. त्यांनी गठ्ठा मागितला. मी नववं पत्रक काढून दिलं. चौथी, पाचवी आणि सहावी ओळ त्यांनी वाचली आणि तेच नाव माझ्या दारावरच्या पाटीवर त्यांना रोज दिसतं. हातातला झाडू त्यांनी भिंतीला टेकवला आणि खुर्चीत बसले. मग चिठ्ठीवर लिहिलं, 'हे पत्रक आपण रद्द करू.'

मी म्हटलं, का? पूर्ण आहे की.

त्यांनी दुसरी चिठ्ठी घेतली, लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'काकू, आम्ही तुमच्यासारख्यांसाठीच हे सगळं करत होतो.' ते खोटं बोलत नव्हते. मलाही त्यांना दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, हो, पण मला कोणी विचारलं नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही. खोली महिनाअखेरपर्यंत ठेवा म्हणाले. नंतर प्रवचनकार विचारतील तेव्हा ते उत्तर देऊ शकणार नाहीत, हे मला कळतं. निघताना त्यांनी विचारलं, त्या दिवशी खरंच वाचायची चूक झाली होती का. मी मान हलवली. हो की नाही ते त्यांनी ठरवावं.

कार्यालयात रांग होती. बहुतेक बायका, काही माझ्याहून मोठ्या. एकीने पाठीला उशी आणली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं आणि बोललं असतं तरी मला काय. कारकून पोरसवदा, घाईत. मी ऐकू येत नाही म्हटल्यावर त्याने अर्जाचा मसुदा माझ्यापुढे फिरवला. छापील मजकुरात एक जागा कोरी असते, तिथे अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात आपलं म्हणणं लिहायचं. त्याने बोटाने ओळ दाखवली.

मी लिहिलं: 'मला हे लग्न अमान्य आहे.'

दुसरं वाक्य सुचलंच नाही. तुझंच लिहिलं. 'अ' एका दमात काढला, 'न्य'पाशी पेन उचलून पुन्हा टेकवलं. त्याने पत्ता पाहिला, नोंद केली, आणि मग खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे छापलेलं असतं: 'वरील मजकूर वाचून पाहिला, मान्य आहे.' त्याखाली सही.

मला हसू आलं, धाकट्या. भर कार्यालयात, रांगेसमोर. कारकुनाला वाटलं बाई बिघडली. एकाच कागदावर दोन्ही शब्द, वर 'अ' असलेला आणि खाली नसलेला, आणि दोन्ही जागच्या जागी. तीनदा तपासलं. सही केली.

निकालाला आठ-दहा महिने लागतील म्हणे. तोवर कलम राहतं की जातं कोण जाणे. माझा अर्ज त्याआधीचा आहे, एवढं कारकुनाने शिक्का मारून दाखवलं.

पाटी उतरवली. चार खिळे होते, दोन गंजून आत राहिले. शनिवारी दुपारच्या बसने येते. सामान फार नाही, पण टीव्ही उतरवायला तू थांब्यावर ये. आणि ये म्हणजे वेळेवर ये. मला आता कोणाची वाट बघायची नाही.

अर्जाची नक्कल सोबत आहे, वाचून बघ. चूक सापडली तर सांग, पण सापडणार नाही.

बसथांब्यावर सामानाला चिठ्ठ्या लावायच्या असतील तर त्यांवर 'सौ.' लिहू नकोस. 'श्रीमती'ही नको. नुसतं नाव लिही.

ताई